सहा पूर्णांक आठ

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एमजीएमटी या अमेरिकन बँडच्या दुसऱ्या अल्बमचा, म्हणजे ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स’चा विषय पुन्हा निघाला आणि आमच्या डॉक्टरने नेहमीप्रमाणे गुणपत्रिका उघडली. २०१० साली पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने या अल्बमला दहापैकी ६.८ गुण दिले होते, हे तो आजही रुग्णाचा रक्तदाब सांगावा तशा चेहऱ्याने सांगतो.

‘‘पहिल्या अल्बममध्ये ‘किड्स’ होतं, ‘इलेक्ट्रिक फील’ होतं. यात गुणगुणता येईल असं एक तरी गाणं दाखव. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, तोही पहिल्याच्या पुण्याईवर.’’

अप्पाने चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘‘ज्या दोन मुलांनी ‘टाइम टू प्रिटेंड’मध्ये रॉकस्टारच्या ऐषारामाची थट्टा केली, त्यांच्याच वाट्याला तो ऐषाराम आला. त्यानंतर तीच थट्टा जन्मभर करत राहावी, असं तुझ्या समीक्षकांना वाटत होतं. त्यांना दुसरा अल्बम नको होता, पहिल्याची दुसरी प्रत हवी होती.’’

मला अप्पाचे म्हणणे पूर्ण पटते. ‘स्पेसमेन ३’ या प्रयोगशील ब्रिटिश बँडच्या पीट केम्बरला निर्मितीसाठी सोबत घेणाऱ्यांनी आणि यातून एखादे गाणे सिंगल म्हणून वेगळे काढायला नाखूश असणाऱ्यांनी आपण कुठे निघालो आहोत हे लपवले नव्हते. ‘सायबेरियन ब्रेक्स’ हे बारा मिनिटांचे गाणे शांतपणे ऐकले, तर गिटारवर सुरू झालेली चाल मध्येच वळते, पुन्हा वळते, पाचसहा लहान गाणी एकमेकांत विरघळत जातात आणि शेवटी फक्त सिंथेसायझर उरतो. परीक्षण दुसऱ्या दिवशी हवे असेल, तर हे ऐकणार कधी?

‘‘बारा मिनिटांत माझे दोन पेशंट होतात,’’ डॉक्टर म्हणाला.

‘‘म्हणूनच ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात,’’ अप्पा म्हणाला. ‘‘आणि माझी सीडी कुठे आहे? २०१० साली ऐकायला म्हणून नेलीस.’’

‘‘गाडीत आहे. पण ती आता अडकते.’’

‘‘कुठे?’’

‘‘अगदी शेवटी. शेवटचं गाणं संपताना त्या तुरळक टाळ्या येतात ना, तिथे.’’

अप्पा काहीच बोलला नाही. बाकीच्यांना मात्र हसू आवरेना, आणि चहावाल्याने न सांगताच दुसरी फेरी डॉक्टरच्या नावावर लिहिली.