बायवीकलीचा घोळ

गुरुवारी सकाळी रिपोर्ट वगैरे तयार करून ऑनलाइन मीटिंगला एकटाच बसलो होतो, स्क्रीनवर माझंच थोबाड. कोणी आलंच नाही. मेलमध्ये 'बायवीकली रिव्ह्यू' असं स्वच्छ लिहिलेलं, सोमवारचा झालेला, म्हणजे आठवड्यातला दुसरा गुरुवारी, असा माझा साधा हिशोब. दुपारी साहेबांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकलं, "बायवीकली म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा. बेसिक इंग्लिश आहे."

बेसिक! मी त्यांना केबिनमध्येच गाठलं.

"सर, मग बायॲन्युअल म्हणजे?"

"वर्षातून दोनदा."

"म्हणजे तिथे दोनदा आणि इथे दोनातून एकदा?"

"दोन वर्षांतून एकदा असेल तर बायेनिअल. ते वेगळं."

"का वेगळं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते फील करायचं असतं," म्हणाले. आता बोला! मी मोबाईलवर मेरियम-वेबस्टर उघडून दाखवली, त्यात बायवीकलीचे दोन्ही अर्थ दिलेत, शेजारी शेजारी, जराही लाज न वाटता. साहेबांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हल्ली डिक्शनरीत काहीही टाकतात."

गंमत बघा, मागे याच माणसाने माझ्या मेलमधला 'प्रीपोन' (म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं) लाल करून परत पाठवला होता, कारण काय तर डिक्शनरीत नाही! आहे की, ऑक्सफर्डमध्ये आहे, आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आलेलाही आहे. पण आपण वापरला की तो 'इंडियन इंग्लिश', म्हणजे हसायचा विषय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी 'टेबल' या शब्दावरून भर बैठकीत भांडले होते, कारण एकाला वाटे विषय चर्चेला घ्या आणि दुसऱ्याला वाटे बाजूला ठेवा, हे खुद्द चर्चिलनेच लिहून ठेवलंय. युद्ध चालू असताना! त्यांना कोणी बेसिक इंग्लिश शिका म्हणालं नाही. त्यांचा घोळ झाला की ती भाषेची श्रीमंती आणि आपला झाला की आपण अडाणी, हे मला खरंच झोंबतं.

शेवटी म्हटलं, सर, सरळ 'फोर्टनाइटली' लिहा ना, म्हणजे पंधरवड्यातून एकदा, भांडणच नको. तर म्हणे जुनाट वाटतं.

वर आजच त्यांचा मेल आलाय, तुमच्या रजेबद्दल सँक्शन कळवतो म्हणून. सँक्शनचा अर्थ मंजुरीही होतो आणि निर्बंधही, आणि आता विचारायला केबिनमध्ये जायची माझी अजिबात इच्छा नाही.