८१ अब्ज आले, हातात किती उरले?

सकाळी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या लेथच्या शेडवर जाताना त्रिमूर्ती चौकात मिसळ खायला थांबलो, तर शेजारच्या टेबलावर दोघं जोरात, परदेशी पैसा धो धो येतोय, एफडीआय (थेट परदेशी गुंतवणूक) ८१ अब्ज डॉलर! मी गप्प रस्सा ओरपला, पण दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

२०२४-२५ चा आकडा खराच आहे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांआधी वर्षाला १० कोटी डॉलर यायची मारामार होती, त्यामानाने कुठल्या कुठं आलोय. पण हा झाला गल्ला. त्याच वर्षी आधीच्या गुंतवणूकदारांनी ५१ अब्जाच्या वर परत नेले, आपल्याच कंपन्यांनी २९ एक अब्ज बाहेर लावले, आणि रिझर्व्ह बँकेच्या मे २०२५ च्या बुलेटिनमध्ये निव्वळ उरले ३५ कोटी डॉलर. अब्ज नाही, कोटी. टर्नओव्हर आणि खिशात पडतं ते, यातला फरक अंबडमधल्या कुठल्याही शेडवाल्याला विचारा.

ह्युंदाईचा २०२४ चा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा केलेली शेअरविक्री, आठवतोय ना, २७,८७० कोटी रुपयांचा? सगळे शेअर कोरियातल्या मूळ कंपनीने विकले, सगळा पैसा तिकडे. यात गैर काही नाही हां, बाहेर पडायचा रस्ता नसेल तर आत कोण येईल. फक्त हेडलाईन अर्धीच असते.

मला तर वाटतं पैसा गेल्यावर मागे काय राहिलं ते बघावं. मायको म्हणजे जर्मन बॉशची इथली कंपनी, तिचं नाव २००८ ला बॉश झालं, आपला रिक्षावाला अजून मायको सर्कलच म्हणतो. माझा उस्ताद तिथूनच रिटायर झालेला, मायक्रोमीटर चुकीचा धरला की बोटांवर फटका, "मायक्रॉनचं काम आहे बाबा, भाजी नाय तोलायची". ते जर्मन पैशाबरोबर आलेलं वळण माझ्या शेडवरच्या पोरांच्या हातात अजून आहे. फ्रेंच रेनोचंही तेच, २००७ ला महिंद्राबरोबर लोगन गाडी आणली, २०१० ला हिस्सा विकून गेले, पण गाडी पुढं व्हेरिटो नावानं इथंच बनत राहिली.

आता एफडीआयमध्ये सर्व्हिस आणि सॉफ्टवेअर सगळ्यात वर, त्यातून माझ्या लेथला काय मिळणार देव जाणे. अंबड, सिन्नर, दिंडोरीत गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या शेजारी परदेशी कंपनीची नवीन शेड उभी राहिली असेल तर कॉमेंटमध्ये टाका, उद्याच जॉबवर्क मागायला जातो.