ग्लेशियरचं पाणी म्हणे थेट बाटलीत!

सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, वर बर्फाच्या डोंगराचा फोटो आणि खाली लिहिलंय की मिनरल वॉटर म्हणजे ग्लेशियर वितळून थेट बाटलीत आलेलं पाणी, निसर्गतःच 100 टक्के शुद्ध, मशीनचा हातसुद्धा लागत नाही, आणि कॅल्शियम इतकं की गोळ्या बंद करा. एवढ्याशा मेसेजमधे इतकं गंडवणं म्हणजे कलाच आहे.

आधी बाटली फिरवून लेबल वाचा. स्टेशनवर आपण 'मिनरलची बाटली द्या' म्हणून जी घेतो ती बहुतेक वेळा मिनरल वॉटर नसतेच, पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर असते, म्हणजे बोअरचं नाहीतर नळाचं पाणी आरओ वगैरे करून भरलेलं. आयएसआय मार्कच्या वर 14543 असेल तर ते हे, आणि खऱ्या नॅचरल मिनरल वॉटरचा नंबर 13428.

ग्लेशियरचं म्हणाल तर ताज्या वितळलेल्या बर्फात मिनरल्स जवळपास नसतातच, ती येतात खडकातून, पाणी वर्षानुवर्षं मुरतं तेव्हा. एव्हियन या फ्रेंच ब्रँडचं पाणी आल्प्समधलं, पण ते मुरून बाहेर यायला 15 वर्षांच्या वर लागतात असं कंपनीच सांगते. थेट बाटलीत कुठून येणार?

आणि खडक काही चांगलं तेवढंच निवडून देत नाही हो. यवतमाळ-चंद्रपूरकडे कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते कुठल्या फॅक्टरीतून नाही, खडकातूनच आलंय, आणि त्यानेच पोरांचे दात तपकिरी पडतात. युरोपात तर मिनरल वॉटरमधे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर 7 वर्षांखालच्या मुलांना रोज देऊ नका असं बाटलीवर छापावंच लागतं.

मशीनचा हात लागत नाही हे तर फ्रान्समधल्या माणसाला सांगून बघा. तिथे नॅचरल मिनरल वॉटर निर्जंतुक करायला कायद्याने बंदी आहे, मूळचं पाणीच चांगलं असलं पाहिजे. तरी 2024 च्या जानेवारीत नेस्लेने कबूल केलं की वोझ डोंगराकडचं व्हिटेल, काँट्रेक्स, एपार आणि शिवाय पेरिए, या आपल्याच ब्रँडच्या पाण्याला यूव्ही म्हणजे जंतू मारणारे किरण आणि कार्बन फिल्टर वापरले होते. कशाला, तर पाणी सुरक्षित राहावं म्हणून! वोझकडचं प्रकरण त्याच वर्षी 20 लाख युरो भरून मिटवलं. वर शेतं, वस्ती, गुरं असली की त्यांची घाण खाली झिरपणारच, डोंगर असला म्हणून काय झालं.

राहिलं कॅल्शियम. एव्हियनमधे लिटरला साधारण 80 मिलिग्रॅम, पेलाभर दुधात 200 च्या वर. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीसाठी सहा लिटरपेक्षा जास्त पाणी ढोसावं लागेल, त्यामुळे ज्या मावशींनी त्या मेसेजखाली 'आजपासून गोळ्या बंद' लिहिलंय त्यांना कोणीतरी आत्ताच फोन करा.