माथेरान बारा महिन्यांचे आहे

माथेरानला जाणाऱ्यांची झुंबड उडते ती मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. त्या दिवसांत दस्तुरी नाक्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि एरवी मात्र आडवारी लुईझा पॉइंटच्या वाटेवर चिटपाखरू नसते. हे गाव बाराही महिने पायी फिरण्याचे आहे, आणि तिथल्या पर्यटनाचा विचार त्याच दृष्टीने व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

थंडीतले माथेरान तर फारच थोड्यांनी पाहिलेले असते. पाऊस ओसरून हवा निवळली की प्रबळगड, कलावंतीण, इर्शाळगड अगदी स्वच्छ दिसतात. भिवपुरीकडून गार्बेटचे पठार गाठायचे किंवा पेबचा किल्ला चढायचा, तर याच दिवसांत. मार्चच्या सुमारास अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेले दिसतात. झाडाखाली लाल मातीवर त्याच रंगाचा सडा पडलेला असतो. भर उन्हाळ्यातही अंजनी, जांभूळ आणि हिरड्याची सावली इतकी दाट असते की दुपारी सहज चालता येते, आणि नजर वर ठेवली तर लांब शेपटी खाली सोडून बसलेले शेकरूही दिसते. मेअखेरीस करवंदे आणि जांभळे येतात.

पावसाळा सुंदर आहेच, पण जांभ्याचा दगड शेवाळला की पाय ठरत नाही आणि धुक्यात कड्याची कडा कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली, हे आठवून तरी मुसळधार पावसात डोंगरउताराच्या वाटांनी चढू-उतरू नये आणि शार्लोट तलावाच्या आसपासच्या रानवाटांवर समाधान मानावे.

हे सारे टिकले आहे ते मोटारींना गावात मज्जाव असल्यामुळे आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरल्यामुळे. माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा बंद होऊन ई-रिक्षा यावी, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. आजारी माणसांची, वृद्धांची आणि शाळकरी मुलांची ती खरी गरज आहे. त्यासाठी मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवणे मी समजू शकतो. आतल्या वाटा मात्र मातीच्याच राहायला हव्यात, कारण ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात आणि पाणी मुरायलाही मातीच लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये आतले रस्ते व भटकंतीच्या वाटा पेव्हर ब्लॉकमधून वगळल्या, याचा मला फार आनंद आहे.

घोडेवाल्यांचा, हमालांचा आणि खानावळवाल्यांचा धंदा आज मोजक्या गर्दीच्या दिवसांवर तगून आहे. शाळा-महाविद्यालयांनी आपल्या सहली डिसेंबर-जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी न्याव्यात आणि पायवाटा दाखवायला आसपासच्या वाड्यांमधल्या ठाकर-कातकरी तरुणांना रीतसर मोबदला देऊन सोबत घ्यावे. एवढे यंदाच्या हिवाळ्यापासूनही करता येईल.