अंगठा

बाळीवेशीतल्या आमच्या घराची न्हाणी १९७८ सालची. परवापर्यंत तिच्यातला नळ, शॉवर, टॉवेलचा दांडा, साबणाची जाळी सगळं त्याच सालचं होतं. क्रोमचा मुलामा जागोजागी उडून आतलं पितळ डोकावायचं. शॉवरला भोकं चाळीसेक, चालू सहा. त्यातलं एक नेम धरून दारावरच्या टॉवेलवर मारायचं. माझी तक्रार नव्हती. सोलापूरच्या उन्हात माणूस टॉवेलाशिवायही वाळतो.

पण बायको पुण्याला बहिणीकडे राहून आली. तिथे म्हणे नळ काळा, शॉवर काळा, दांडासुद्धा काळा. "मॅट ब्लॅक" हे शब्द ती एका जेवणात तीनदा बोलली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

खर्च टाळायला मी आधी घरगुती उपाय केला. जड पाण्याचे क्षार आंबटात विरघळतात, एवढं शाळेतलं रसायनशास्त्र शिल्लक होतं. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रात्रभर शॉवरच्या तोंडाला बांधून ठेवली. सकाळी सोडली तर खवले गेले होते, आणि बहुधा त्यांच्याच आधारानं तग धरून असलेला मुलामाही पापुद्रे होऊन खाली पडला होता.

"आता तर बदलायलाच हवं," बायको म्हणाली. आनंद लपवणं तिला जमत नाही.

मिस्त्री आला. नळाला पाइप पाना लावला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर बघितलं आणि पिळला. नळ निघाला. सोबत भिंतीतल्या पाइपाचे आटेही भुगा होऊन आले. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की गंजतं ते लोखंडच. नळ मात्र ठणठणीत.

"कॉक कुठंय सर?"

कॉक नव्हता. आमच्या वडिलांनी नळ बदलण्यासाठी बसवलेलाच नव्हता. आमच्या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी येतं, बोअर फेब्रुवारीतच आटलेला, आणि आदल्या रात्री भरलेली टाकी भिंतीतून माझ्या पोटावर रिकामी होऊ लागली. मी अंगठा लावला.

"दाबून धरा सर. निपल घेऊन येतो, पाच मिनिटं."

पुढची चाळीस मिनिटं मी कुटुंबाचा चार दिवसांचा पाणीपुरवठा अंगठ्यावर पेलून उभा होतो. उजवा बधिर झाला की डावा. अदलाबदलीत दर वेळी एक चूळ तोंडावर. आईनं चहा आणून बशीनं पाजला. शेजारचे काका बघायला आले, चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकायला हवी म्हणाले, आणि खुंटी न देता निघून गेले. बायकोनं फोन लावून माझ्या कानाला धरला.

"येऊलालोय की सर!" मिस्त्री म्हणाला. मागे भजी तळल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

असो. काळा नळ बसला, कॉकही बसला. आठवड्यात काळ्यावर पांढरे ठिपके उमटले. क्रोमवर ते निदान मिसळून जायचे. इथे फळ्यावरच्या खडूसारखे दिसतात. आता आंघोळ झाली की अंगाआधी नळ पुसायचा, असा नियम आहे.

जुन्या नळाला भंगारवाल्यानं लोहचुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही, तसे त्याचे डोळे चमकले. ते बघून आईनं नळ त्याच्या हातातून काढून घेतला, उरलेला मुलामा खरवडला, चिंच लावून घासला आणि परसातल्या हौदाला लावून घेतला. पिवळाधमक दिसतो.

परवा मेव्हणी पुण्याहून आली. न्हाणीत हात धुऊन परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "ताई, हा कुठून घेतला गं? हल्ली सगळे हाच शोधतायत!"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा मुठीत लपवला.