तिकडे असं होत नसेल ना?

जंगली महाराज रस्त्याचा रुंद पदपथ चांगला झाला की वाईट, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करावा की नाही, असला विषय आमच्या पुण्याच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघाला की तासाभरात कुणीतरी मला ओढतंच. "तू सांग रे, तिकडे असं होत नसेल ना?"

तिकडे म्हणजे मी राहतो ते कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. गावाचं नावच मुळी एका झाडावरून पडलंय. 'उंच काठी' म्हणून स्पॅनिश लोकांनी ओळखलेला तो हजार वर्षांचा रेडवूड अजून उभा आहे, नगरपालिकेच्या शिक्क्यावरही आहे. आणि याच गावाने सप्टेंबर 2009 मध्ये कॅलिफोर्निया अव्हेन्यू नावाच्या बाजाररस्त्यावरची साठेक होली ओकची झाडं सरसकट आडवी केली. सुशोभीकरणासाठी! कित्येकांना कळलं ते करवत चालल्यावरच.

आता गंमत बघा. या गावात सल्लागार मंडळांचा तुटवडा नाही. बांधकामांचं रूप तपासणाऱ्या आर्किटेक्चरल रिव्ह्यू बोर्डावर पाच जण, त्यातले किमान तिघे डिझाइनच्या धंद्यातले असावे लागतात. नियोजन आणि वाहतुकीला वेगळं कमिशन. सरकारी बैठका लोकांना खुल्या ठेवायला लावणाऱ्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, आणि कुणीही उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. एवढं असून झाडं गेली. बोंबाबोंब झाली, अधिकाऱ्यांनी माफी मागितली, मग नवी झाडं कोणती लावायची यावर बैठकांवर बैठका झाल्या. पुढे त्याच रस्त्याच्या चार लेनच्या दोन करायचं ठरलं, तर धंदा बुडेल म्हणून काही मंडळी कोर्टात गेली. काम होता होता 2014-15 उजाडलं. आणि 2020 च्या साथीत हॉटेलवाल्यांनी त्याच रस्त्यावर टेबलं मांडली, गाड्या बंद झाल्या, त्या कायमच्याच. दोन लेनसाठी कोर्टकचेरी झाली आणि शेवटी लेनच उरली नाही. इथले लोक या सगळ्या चर्‍हाटाला 'पालो आल्टो प्रोसेस' म्हणतात. कौतुकाने नव्हे.

म्हणून 'तिकडे किती छान' हे मला लिहवत नाही. तरी इथलं एक मला हवंसं वाटतं, आणि ते शहाणपण नव्हे. बोर्डावरची माणसं आपल्या पेठेतल्या निवृत्त काकांपेक्षा शहाणी नसतात. बरीचशी निवृत्त काकाच असतात. पण आराखडा कच्चा असतानाच अधिकाऱ्याला त्यांच्यासमोर उभं राहून 'हे असं का' याचं उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात राहतं. 2009 नंतर लोक भांडले ते ती कागदपत्रं हातात घेऊनच.

पुण्यात लोक बोलत नाहीत असं थोडंच आहे? 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. पालो आल्टोची लोकसंख्याच सत्तर हजारांच्या आत आहे! पण आपल्याकडे नागरिकाला विचारतात ते आराखडा छापून झाल्यावर, मुदत घालून, आणि मग सुनावणीचा रतीब. 2006 पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, ते चांगलंच आहे; पण अर्ज टाकून आलेला माणूस पुन्हा त्या टेबलाशी जात नाही. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांच्या तिघांना घेण्याची सोय कायद्यात आहे. त्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांनाच मिळतात ही तक्रार माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनची. आणि मार्च 2022 नंतर तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. मग हरकत घ्यायची कुणापाशी?

एका बाबतीत मात्र आपला कायदा इथल्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे, आणि ते मी ग्रुपवर दरवेळी सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य पथारीवालेच हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. इथे कॅलिफोर्निया अव्हेन्यूवरच्या हॉटेलात भांडी घासणारा माणूस बोर्डासमोर कधी येत नाही. त्याला या गावात राहणंच परवडत नाही, तो तासभर लांबून येतो आणि रहिवासी नसल्याने त्याला नियोजन कमिशनवरची खुर्ची मिळणारही नाही. माझ्यासारख्याला मात्र मिळू शकते. 2020 पासून कॅलिफोर्नियात अशा नेमणुकांना नागरिकत्व लागत नाही, रहिवासी असलं की पुरे. भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून मी इथल्या पदपथावर मत देऊ शकतो, आणि पुण्यातल्या पदपथावर फक्त ग्रुपवर.

परवा मी ग्रुपवर विचारलं, तुमच्या फेरीवाला समितीतल्या एका तरी पथारीवाल्याचं नाव कुणाला सांगता येईल का? निळ्या टिका पडल्या, उत्तर नाही. थोड्या वेळाने एकाने सुप्रभात पाठवलं. बरं झालं. उलट विचारलं असतं, तर इथल्या बोर्डावरच्या पाचांपैकी मला एकाचंच नाव आठवत होतं, तेही आडनावाशिवाय.