कोंड्याचा मांडा

वर्तमानपत्रात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी आली की आम्ही नाशिककर आधी तो आकडा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना अभिमानाने कळवतो आणि मग माळ्यावरची कानटोपी शोधतो. मी आणखी एक करतो. कपाटातले काळे-निळे शर्ट मागे ढकलतो आणि पांढरे, बदामी, फिकट राखाडी पुढे ओढतो. कारण तिकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटायला लागल्या, की इकडे माझ्या खांद्यांवर जे पडायला लागतं, त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. आई म्हणते, "डोकं कोरडं पडलंय." बायको म्हणते, "तुझं ते." फक्त सलूनवाला चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने सांगतो, "साहेब, कोंडा लय झालाय!"

आईकडे कोंडा, केस गळणं, झोप न येणं, चष्म्याचा वाढलेला नंबर आणि गणितात पडलेले कमी मार्क या सगळ्यांवर एकच औषध आहे. तेल. "डोक्याला तेलाचं बोट नाही, मग दुसरं काय होणार?" तिचं म्हणणं शिरसावंद्य, पण थंडीत खोबरेल तेल स्वतःच आजारी असतं. 24-25 अंशांच्या खाली ते गोठतं, आणि डिसेंबरातलं आमचं बाथरूम त्याच्या कितीतरी खाली. बाटलीचं तोंड करंगळीएवढं, आत पांढराशुभ्र ठोकळा. उलटी धरा, आपटा, ढिम्म हलत नाही. चमच्याच्या दांड्याने कोरायला गेलो तर दांडा आत रुतून बसला. मग आईची क्रोशाची सुई आणली. तिने अर्धा तास खपून मधोमध कसारा घाटातल्यासारखा बोगदा पाडला आणि नखभर तेल हाती लागलं. शेवटी बाटली आंघोळीच्या कढत बादलीत सोडून दिली. कल्पना उत्तम होती, फक्त झाकण लावायचं राहिलं. दिवाळीनंतर महिन्याभरात माझं पुन्हा अभ्यंगस्नान झालं आणि माझ्याबरोबर फरशीचंही. ती पुढे तीन दिवस कोणाला उभं राहू देईना.

तेलाने भागेना म्हणून मेथी आली. रात्रभर भिजवलेले मेथीदाणे सकाळी मिक्सरमधून काढून आईने त्याचा लगदा माझ्या डोक्यावर थापला. ओला असेतो तो गार आणि गुळगुळीत लागतो, म्हणून माणूस गाफील राहतो. वाळला की डोक्यावर कोणीतरी लहान मापाचं हेल्मेट चढवल्यासारखं वाटतं. भुवया आपोआप वर जातात, आणि घरचे विचारतात, "एवढं आश्चर्य कसलं वाटतंय?" धुताना निम्मी मेथी निघाली, निम्मी राहिली. ऑफिसात जाऊन बसतो तोच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "वा! मेथीचे लाडू आणलेत का?" मी नाही म्हणालो. पण त्या वासापुढे माझ्या शब्दाला कोण विचारतो? 'डबा लपवणारा माणूस' अशी माझी कीर्ती संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. (दही-लिंबाचा प्रयोगही झाला. त्याबद्दल एवढंच सांगतो, की आधीच खाजवून घेतलेल्या डोक्याला लिंबू लावू नये.)

अखेर बायकोने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "तेल किती लावता?" मी छाती फुगवून म्हणालो, "रोज!" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कळलं, की नुसती टाळू कोरडी पडली तर पिठासारखं बारीक, सुकं काहीतरी झडतं. खऱ्या कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट असतात. माझा खरा. त्यामागे मलासेझिया नावाची बुरशी असते. ती कमी-जास्त सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, कुणाला तिचा त्रास होतो, कुणाला होत नाही, आणि तिचं पोट तेलकटपणावर भरतं. "म्हणजे गेले दोन महिने तुम्ही तिला जेवू घालताय," बाई म्हणाल्या. वर कढत पाण्याने डोकं धुण्यावरही बंदी आली, कारण त्याने केस आणखी कोरडे होतात. तेल लावायचंच असेल तर फक्त केसांच्या टोकांना. माझे केस दीड इंच. टोक आणि मूळ एकाच वाड्यात राहतात.

घरी येऊन आईला सगळा वृत्तांत सांगितला. ती जराही वरमली नाही. "आपल्या घरातून कोणी उपाशी गेलेलं नाही," एवढंच म्हणाली.

औषध होतं केटोकोनाझोलचा 2 टक्के शाम्पू, आठवड्यातून दोनदा. ऐकायला सोपं. पण बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की फेस 5 मिनिटं डोक्यावर ठेवायचा. उन्हाळ्यात 5 मिनिटं म्हणजे काहीच नाही. जानेवारीत नाशिकला सकाळी सात वाजता, ओल्या अंगाने, डोळे मिटून, कानामागून गार फेसाचा ओघळ पाठीवर उतरत असताना काढलेली 5 मिनिटं ही वेगळी चीज आहे. मोबाइल आत नेता येत नाही, घड्याळ दिसत नाही. भीमरूपी म्हणून पाहिलं, तर थंडीने मी ते आगगाडीच्या वेगाने म्हणत होतो. शेवटी आईने तोडगा काढला. स्वयंपाकघराची भिंत बाथरूमला लागून. ती वरणभाताचा कुकर लावणार, तिसरी शिट्टी झाली की मी पाणी घ्यायचं.

एका मंगळवारी पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीची मी वाट पाहतोय, पाहतोय. दातांचा ताशा सुरू झाला. फेस वाळून डोक्यावर चुरचुरायला लागला. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे, सिलिंडर संपला!" आता वरणाचं कसं होणार असा सात्त्विक विचार माझ्या मनात आला, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, की आमचा गिझरही त्याच सिलिंडरवर आहे.

पण काहीही म्हणा, तीन आठवड्यांत डोकं स्वच्छ झालं. इतकं, की संक्रांतीला मी मोठ्या विश्वासाने काळा कुर्ता बाहेर काढला. बहिणीकडे भाचीचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि मांडीवर घेऊन बसायला मी, मामा. बायकांनी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओतले. त्यातले निम्मे माझ्यावर आले. पोरं बोरांवर तुटून पडली, मी हसत उठलो, आणि मागून मावशींनी माझा खांदा झटकत हळहळून म्हटलं, "अजून गेलं नाही का रे तुझं ते?"

अख्खी खोली माझ्या खांद्याकडे बघायला लागली.

"मावशी, हलवा आहे हा!" मी म्हणालो. कोणाच्याच तोंडावर विश्वास दिसेना. तेव्हा मी खांद्यावरचा एक पांढरा कण चिमटीत धरला, सगळ्यांना दाखवला आणि तोंडात टाकला.

बायकोने डोळे मिटून घेतले. वाण लुटायला उठलेल्या एक काकू वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी चावून पाहिलं. चुरमुरा होता.